पहिल्या फेरीचा मान

पाटस,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आबा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते. डोकं अजून गरमच आहे, ते आधी सांगून ठेवलेलं बरं.

इकडं सगळी खुशाली आहे. साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात आहे. दारावरून उसाच्या ट्रॉल्या एकीमागं एक जातात आणि घरात कुठंही बोट फिरवलं तरी धूळ. सासूबाईंचा गुडघा आता बरा आहे. मला कुरकुंभच्या कंपनीत या आठवड्यात पहिली पाळी आहे, म्हणून दुपारी घरी आल्यावर लिहायला बसले. आईला म्हणावं, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी संपली. सासूबाईंनीच संपवली आणि वर तिखट होती म्हणाल्या.

या जमान्यात पत्र कोण लिहितं, असं तुमच्या मनात येईल. पण फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन खाटेवर ठेवता आणि आईला हाक मारता, "तुझ्या लेकीचा हाय." संक्रांतीपर्यंत मी तुमचीही लेक होते. पत्राचं एक बरं असतं, ते खाटेवर ठेवलं तरी गप्प बसत नाही.

मोनिका, घरची सून म्हणून हे तू आबांना वाचून दाखवायचं आहेस. तुझा नवरा, रवी, घरात नसताना वाच. त्याच्यापासून लपवायचं आहे म्हणून नाही, तो मध्ये बोलल्याशिवाय राहत नाही म्हणून. आईलाही जवळ बसव. आणि पुढं एका जागी तुझा आवाज अडेल, तिथं थांबू नकोस.

तर आबा, रविवारच्या कार्यक्रमाची पत्रिका मोबाईलवर आली. रवीनं नाही पाठवली, भावकीच्या ग्रुपवर पडली. वर भंडाऱ्याचा पिवळा रंग, मध्ये रवीनं बनवलेल्या पाणबुडीचा फोटो, एका बाजूला काळा चष्मा लावून हसणारा रवी आणि दुसऱ्या बाजूला फेट्यातले तुम्ही. "निमोण्याच्या मातीत घडलेली पाणबुडी 'हरिबा'. पहिल्या फेरीचा मान: श्री. हरिबा." खाली निमंत्रक म्हणून अख्ख्या भावकीची नावं. मी बोटानं मोठं करकरून माझं नाव शोधलं. सापडलं नाही. "समस्त परिवार" असं शेवटी लिहिलंय, त्यात मी कुठंतरी असेन.

वाईट वाटलं का? वाटलं. जळले का? जळले. आता ते लपवण्यात काही अर्थ नाही, सगळ्या निमोण्याला ठाऊक झालंय.

गावात जे बोलतात ते माझ्या कानावर येतं. रवीनं डेअरीच्या भंगारातून दुधाची स्टीलची टाकी आणली, वर्षभर शेडमध्ये वेल्डिंग करून तिची पाणबुडी केली, आणि तिचं उद्घाटन व्हायच्या आदल्या दिवशी पाटसच्या पूनमनं येऊन बापाच्या आधी तिच्यात फेरी मारून घेतली. बापाचा मान पळवला. यातलं एकही अक्षर खोटं नाही. फक्त पुढचं कुणाला माहीत नाही, आणि त्यासाठीच हा कागद.

पण त्या आधी मला माझं एक सांगू द्या. इतकी वर्षं ऐकून घेतलंय, आता तुम्ही ऐका.

आपल्या घरात नवीन काही आलं की त्यावर आधी तुम्ही बसता. ही रीत मला मान्य आहे. रवीच्या ट्रॅक्टरवर आधी तुम्ही बसलात, बोलेरोत आधी तुम्ही, जेसीबी आला तेव्हा तर नारळ मांडीवर घेऊन तुम्ही बकेटमध्ये बसला होतात आणि आई ओरडत होती की उतरा, हाड मोडंल. मी माझ्या पगाराची स्कूटी घेतली तेव्हा हार घालून दौंडवरून थेट निमोण्याला आणली. पाटसला घरीसुद्धा गेले नाही. अंगणात उभी केली आणि म्हणाले, आबा, बसा. तुम्ही हसलात. "बाईमाणसाच्या मागं बसून मी कुठं जाऊ?" सगळे हसले. मग रवीनं किल्ली घेतली आणि माझ्या गाडीची पहिली फेरी त्यानं मारली. मी पण हसले होते, फोटोत दिसतंय.

आणि लहानपणीचं ते विहिरीवरचं इंजिन. डिझेलच्या पाईपात हवा धरली होती, ती काढायची कशी हे मी शोधलं होतं. रवी नुसता पाना धरून उभा होता. तुम्ही आलात, इंजिन चालू दिसलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारलीत. पोराचं डोकं मशीनचं आहे म्हणालात. तो शिरूरला आयटीआयला गेला आणि मी लग्न करून पाटसला आले. पुढं मी सासरी राहून सेफ्टीचा डिप्लोमा केला, नोकरी मिळवली. केमिकलच्या टाकीत साफसफाईला माणूस उतरला की टाकीच्या तोंडाशी उभं राहायचं आणि तो जिवंत वर येईल असं बघायचं, हे माझं काम. तुम्ही पाहुण्यांना सांगता, पूनम कंपनीत उभी राहते.

पुरे. आता त्या मशीनकडं येते.

पहिल्यांदा ती पाणबुडी पाहिली तेव्हा मला वाटलं होतं, काहीतरी डबडं असेल, बघून हसू आणि परत जाऊ. शेडचं दार उघडलं आणि हसू गेलं. देखणी होती हो. गोल पोट, जाड काचेच्या दोन खिडक्या, वरती माणूस उतरेल एवढं झाकण, दोन्ही बाजूंना टाक्या. त्या टाक्यांत पाणी घेतलं की खाली जायचं आणि हवेनं ते पाणी बाहेर ढकललं की वर यायचं. लाल रंगात तुमचं नाव. मला झोप लागली नाही इतकी ती मला आवडली, आणि इतका मला रवीचा राग आला.

मग मी वाचायला लागले. पाणबुडी घरी बनवणारी माणसं जगात आणखी आहेत, ती काय काय चुका करतात, कशी मरतात, कशी वाचतात. रवीची चूक काढायची म्हणून वाचत होते, दुसरं कारण नाही. आणि चुका सापडत गेल्या. सापडली की मी लगेच त्याला फोन करायचे आणि माझ्या आवाजात आनंद असायचा, तो त्याला ऐकू जायचा. तो म्हणायचा, "आक्का, तू जळतीस." खरं होतं. जळणाऱ्या माणसाची हीच पंचाईत असते आबा. तो बरोबर बोलला तरी ते जळणंच असतं, आणि ऐकणाऱ्याला न ऐकायला कारण मिळतं.

संक्रांतीत ठरलेल्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तुम्ही आणि आई फेटा आणायला शिरूरला गेलात. मी सुट्टी काढून आले होते. मशीन शेततळ्याच्या काठावर आणून ठेवलं होतं, ते उचलायला बन्सीचा क्रेनचा हायड्रा उभा होता. रवी एकटा दोनदा उथळ पाण्यात उतरून आला होता, पण दोन माणसं घेऊन तळाला कधी गेला नव्हता. मी त्याला म्हणाले, "आधी मला बसव. थोरली मी हाय." मला वाटलं तो नाही म्हणेल. त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, चल. आता कळतंय, तो घाबरला होता. तुम्हाला न्यायच्या आधी कुणीतरी हवं होतं त्याला.

तुम्ही परत आलात तेव्हा मशीन ओलं होतं. मी म्हणाले, आबा, मी फिरून आले, एकदम मस्त. रवी खाली बघत होता. तुम्ही फेट्याचा खोका ओट्यावर ठेवलात. चहा घेतला नाहीत. मला एवढंच म्हणालात, "येवढं एक माझं हुतं, त्ये बी घेतलंस." आणि मेंढरांकडं निघून गेलात. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम तुम्ही मोडलात. आता भावकीनं मध्ये पडून तुमची समजूत काढली, माझी फेरी ही नुसती चाचणी होती, ती धरायची नाही असं ठरलं, आणि रविवारची तारीख निघाली.

आबा, फेरी मस्त झाली नव्हती.

मोनिका, त्या दिवशी मी तुला सांगितलं की शेततळ्याच्या कडेला माझा पाय घसरला आणि मला काढताना रवी भिजला. ते खोटं होतं. आता वाचत राहा.

उतरताना मला भीती वाटली नाही. खिडकीतून हिरवं पाणी वर सरकायला लागलं आणि मला फार आनंद झाला. हे आबांच्या आधी, सरपंचांच्या आधी, अख्ख्या निमोण्याच्या आधी मी बघतेय, असं मनात आलं. तीन परस, म्हणजे अठराएक फूट खाली आम्ही तळाला टेकलो. तिथं शेततळ्याला अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर गाळ साठलाय, तो ढवळला आणि खिडकीत चहाचा रंग आला. रवी म्हणाला, बघितलंस आक्का? मी म्हणाले, बघितलं. मग त्यानं वर जायचा व्हॉल्व्ह फिरवला. हवेचा आवाज झाला, मशीन हललं नाही.

मशीन जमिनीवर सरळ उभं राहावं म्हणून त्यानं खाली सपाट पत्रा जोडला होता. तो गाळातून कागदाला चिकटून बसला, ओल्या फरशीवर ताट बसतं तसा. रवीनं पुन्हा हवा सोडली. परत सोडली. मी हवेच्या काट्याकडं बघत होते आणि तो काटा खाली येत होता.

इथं त्या मशीनची खरी चूक आहे, नीट ऐका. वर यायला जी हवा लागते आणि अडचणीत श्वास घ्यायला जी हवा लागते, ती दोन्ही एकाच टाकीत भरलेली. प्यायचं पाणी आणि उसाचं पाणी एकाच हौदातलं असावं, तसं. रवी वर यायची जितकी धडपड करत होता, तितका आमचा श्वास संपत होता. आणि ती हवा भरली होती विहिरीत सुरुंगाची भोकं पाडायच्या ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरनं. सायलेन्सरच्या शेजारून ओढलेली हवा. थोडी आत सोडून बघितली तर डिझेलचा भपकारा आला. तसली हवा माणसाला गुपचूप झोपवते, उठवत नाही.

तुम्ही म्हणाल, हायड्रा होता ना. होता. पण हुक लावलेला नव्हता. काठावर मी म्हणाले होते, वरच्या कडीत हुक अडकवूनच उतरू. रवी म्हणाला, "दोर लावून उतरलो तर पाणबुडी कसली आक्का, ती मोट झाली." काठावर मोबाईल लावून ठेवला होता, दोर व्हिडिओत दिसला असता. कंपनीत मी बिनदोराच्या माणसाला टाकीच्या जवळसुद्धा फिरकू देत नाही. पण त्या दिवशी मी हट्ट धरला नाही. त्या व्हिडिओत पहिल्या फेरीला मी दिसणार होते. बन्सी वर बसून होता, त्याला वाटलं भाऊबहीण खाली बोलत बसलेत.

डोकं ठणकायला लागलं. बसल्या जागी दम लागला. बंद जागेत हवा संपायची वाटच बघावी लागत नाही आबा, आपणच सोडलेला श्वास त्याच्या आधी आपल्याला मारायला लागतो. रवी झाकणाला खांदा लावून रेटत होता, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. त्या झाकणावर बाहेरून पाण्याचं सात-आठ क्विंटल वजन होतं. कांद्याच्या पंधरा पिशव्या वर ठेवून खालून झाकण उचलायला सांगावं, तसं ते होतं. ते उघडायचा एकच मार्ग असतो. बाहेरचं पाणी आपल्या हातानं आत घ्यायचं, आतला आणि बाहेरचा दाब सारखा होईपर्यंत. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "येडी झालीस का?" मी त्याच्या हातावर चापट मारली आणि खालचा व्हॉल्व्ह उघडला.

पाणी गार होतं. आधी पायांवर आलं, मग मांडीवर, मग कमरेला. रवीनं सीटमागून छोटा सिलिंडर काढला. हा वेगळा होता, पाण्यात बुड्या मारणाऱ्यांचा, त्याला तोंडात धरायची नळी असते. त्यातली हवा चांगली होती. पण सिलिंडर एकच, नळी एकच. दुसरा मागवलाय, यायचाय, असं त्यानं काठावर सांगितलं होतं.

आता जे आहे ते सांगायचं मी टाळत होते, चटणीच्या बरणीपासून टाळत इथवर आले.

रवीनं नळी आधी माझ्या तोंडाला लावली. मी एक श्वास घेतला, दोन घेतले, डोकं जरा ताळ्यावर आलं. नळी परत द्यायला गेले तर त्यानं मान हलवली. तूच घे, असं. आणि हसला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि त्यावर ते त्याचं पत्रिकेतलं हसू.

आबा, त्या वेळी माझ्या मनात माया आली नाही. मनात आलं, म्हणजे मरतानाही हाच मोठा ठरणार. उद्या चौकात बॅनर लागेल, बहिणीसाठी प्राण दिला. तुम्ही जन्मभर त्याच्या फोटोला हार घालाल आणि मग माझ्याकडं बघाल, ही जगली म्हणून. माहेरचं दार मला उघडं राहील, पण त्याच्या उपकारानं. छे. मी ती नळी त्याच्या तोंडात कोंबली. त्यानं काढली. मी पुन्हा कोंबली आणि त्याचं नाक दाबलं. "घे मुडद्या," म्हणाले. तो काढायला गेला तर मी त्याच्या दंडाला चावले. आम्ही दोघं मरायला टेकलो होतो आणि मोठेपणा कुणाकडं जायचा यावरून आमची झोंबाझोंबी चालली होती. त्यात किती हवा वाया गेली असेल.

शेवटी त्यानं श्वास घेतला. मग मी. मग तो. असं आळीपाळीनं चाललं. पाणी छातीला आलं आणि थांबलं, ते तसं थांबतंच. मग झाकण अगदी सहज उचललं गेलं. हवेचा मोठा बुडबुडा वर गेला आणि उरलेलं पाणी डोक्यावरून आत कोसळलं. वर जाताना श्वास धरायचा नाही, सोडत जायचं, नाहीतर छाती फुटते, हे मी त्याच्या कानात ओरडून ठेवलं होतं. त्यानं ऐकलं. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं असेल.

वर आलो तर काठाला धरायला काही नाही. तो कागद शेवाळानं बुळबुळीत झालेला, बोटं सटकत होती. बन्सीनं ट्रॅक्टरची ट्यूब दोराला बांधून टाकली म्हणून बाहेर आलो. रवी काठावर उताणा पडून रडला. मी नाही रडले. मला उलट्या झाल्या. मग त्यानं शपथ घातली, आबांना यातलं काही कळता कामा नये, आणि बुडी मारून हुक अडकवून आला. मशीन वर काढलं, आतलं पाणी काढलं. व्हिडिओ त्यानं पुसला. बन्सीला मी गप्प केलं. बन्सीवर रागावू नका.

आज ती शपथ मी मोडली.

त्यानंतर रवीनं काहीच केलं नाही असं नाही. खालचा पत्रा काढून त्यानं दोन पाईप जोडलेत, आता चिकटणार नाही म्हणतो. पण हवेची टाकी तीच आहे, कॉम्प्रेसर तोच आहे आणि दुसरी नळी अजून यायचीच आहे. परवा मी त्याला फोनवर म्हणाले, तारीख पुढं ढकल, आबांना खरं सांग. तो म्हणाला, "आबा रोज फेट्याचा खोका उघडून बघत्यात, आक्का. मी कुठल्या तोंडानं सांगू?" तुमच्यासमोर त्याला नाही म्हणता येत नाही. मला येतं. मला तुम्ही काही दिलेलंच नाही, त्यामुळं परत घ्याल ही भीतीही नाही.

हे ऐकून आता कुणी म्हणेल, पूनमनं बापाचा जीव वाचवायला स्वतःचा पणाला लावला. आई तर म्हणेलच. तसं काही नव्हतं. मी तुमच्या आधी बसले कारण मला तुमच्या आधी बसायचं होतं. अजूनही बसायचंय. मशीन नीट झालं तर पुन्हा उतरीन, ते हिरवं पाणी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

रविवारी काय करायचं हे तुम्हाला सांगणारी मी कोण? पण मला विचाराल तर वर यायची हवा वेगळी करू दे, प्रत्येकाला स्वतःची नळी आणि स्वतःचा सिलिंडर होऊ दे, आणि हुक कडीत असू दे, व्हिडिओत दिसला तर दिसू दे. तोवर त्यात माणसांऐवजी वाळूची पोती बसवा. गाव जमणारच आहे तर जमू दे, पोत्यांनाच फेटा बांधा, लोक हसतील आणि जेवून जातील. तुमच्या खिशात दम्याचा पंप असतो, तुम्ही काठावरच उभे राहा. आई सांगते, तुम्ही मेंढरं घेऊन घोड नदी ओलांडायचात तेव्हा शेवटचं मेंढरू पाण्यात जाईपर्यंत तुमचं पाऊल भिजत नव्हतं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की हरिबाचा मान गेला.

आणि एवढं ऐकूनही बसायचंच असेल, तर एक ध्यानात ठेवा. खाली काही झालं तर रवी नळी आधी तुम्हाला देईल. आणि तुम्ही घ्याल. रागावू नका, तुम्ही घ्यालच. आजवर त्यानं पुढं केलेलं सगळं आधी तुम्हीच घेतलंत, आम्हीच तशी सवय लावली तुम्हाला. मग तुम्ही ती परत द्यायला जाल तर तो मान हलवेल आणि हसेल. ते हसू मी बघितलंय. तेवढ्यावर तुम्ही फसाल, तुम्हाला वाटेल पोरगं ठीक आहे.

माझ्या वेळी तो जगला, कारण मी त्याच्यावर जळत होते. तुम्ही त्याच्यावर कधी जळला नाहीत, आबा.

मोनिका, वाचून झालं की कागद त्यांच्या हातात दे. वाचता येत नसला तरी थोडा वेळ धरू दे.

तुमचीही लेक,
पूनम